रिठदच्या अनसाबाईचा पगार

वऱ्हाडात उन्हाळ्यात जाणारी बाई एक तर वेडी असावी, नाही तर तिची धाकटी बहीण तिथे दिलेली असावी. माझी दिली होती. कुसुम लग्न होऊन वाशीमला गेली ती तिकडचीच झाली, आणि दर पत्राच्या शेवटी ‘ताई, एकदा तरी ये’ असं लिहीत राहिली. नोकरी होती तोवर मला शाळेचं निमित्त होतं. त्या वर्षी मी साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि निमित्त संपलं. तेव्हा नेमकं दुष्काळाचं साल निवडून, चैत्राच्या उन्हात, मी पिशवीत कंदी पेढे घेऊन निघाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो तिकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पेढे काय नेताय. मी म्हटलं, पेढ्याला पाणी लागत नाही. पहिल्याच दिवशी ते पेढे खाऊन सगळ्या घराला तहान लागली, हे मात्र खरं.

वाशीम

वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अकोल्याहून एक छोटी गाडी तिथे जाते, आणि ती इतकी सावकाश जाते की प्रवासी उतरून, लघवीला जाऊन, परत डब्यात चढलेला मी डोळ्यांनी पाहिला. स्टेशनवर कुसुमचे यजमान वसंतराव टांगा घेऊन उभे होते. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ, आणि डोक्यावर कायम एक ओला रुमाल. महसूल खात्यात ते मंडल निरीक्षक होते. इंग्रजीत रेव्हिन्यू इन्स्पेक्टर, म्हणून खेड्यापाड्यातले लोक त्यांना ‘आराय सायेब’ म्हणत.

जेवायला काय आहे विचारलं तर कुसुम म्हणाली, बेसन. मला वाटलं, मी आले म्हणून लाडू वळले असतील. ताटात आलं ते पिठलं. इकडे पिठल्याला बेसन म्हणतात आणि त्यात मिरची अशी घालतात की आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनीही हात जोडावेत. मी नाक पुसत हसायला लागले तर माझी सख्खी बहीण मला म्हणते, “ताई, तू काहून हसून राह्यली?” वीस वर्षांत पोरीची भाषा पार पाण्यात विरघळली होती. सोबतची भाकरी तांबूस होती, धड थापली जात नव्हती, दुमडली की तुकडे पडत. रेशनवर मिळणारा परदेशी मिलो होता तो. साहेबांच्या घरात मिलो, मग गावात काय असेल, हे मला त्या भाकरीने सांगितलं.

रात्रीच्या जेवणानंतर अंगणात बाजा टाकल्या आणि माझं आणि वसंतरावांचं पहिलं भांडण झालं. भांडण म्हणजे मी भांडले, ते वारा घेत बसले. खडी फोडायची कामं सरकारने काढली होती, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. घाम गाळावा, मजुरी घ्यावी. पण जे म्हातारे, पांगळे, आंधळे त्या कामावर जाऊ शकत नाहीत आणि ज्यांना सांभाळणारं कोणी नाही, त्यांना सरकार रोख पैसे देत होतं, आणि कोणाला द्यायचे याची गावोगाव चौकशी वसंतराव करत होते. मी म्हटलं, धान्य द्या, कपडा द्या. हातात पैसा कशाला? दे रे हरी पलंगावरी अशी सवय लागली की माणूस संपला. वसंतराव म्हणाले, कचेरीत त्याला मदत म्हणतात, तुम्ही खैरात म्हणता, आणि गावातले लोक पगार म्हणतात. त्या तिसऱ्या शब्दाची मला गंमत वाटली. न केलेल्या कामाचा पगार! वसंतराव एवढंच म्हणाले, “ताई, चला माझ्यासोबत. बसून पाह्यजा.”

पोहरादेवी

पण त्याआधी रामनवमी आली आणि कुसुमने मला पोहरादेवीला नेलं. बंजारा समाजाचं हे मोठं ठाणं. एरवी शेतीवाडीचं गाव, पण नवमीला तिथे जी माणसं लोटतात ती पाहून दुष्काळ कुठे आहे असा प्रश्न पडावा. आरसे लावलेले घागरे, दंडभर पांढऱ्या बांगड्या, आणि बायकांच्या चालीत एक ताठपणा. माझ्या शाळेत मुलींना पाठीचा कणा सरळ ठेवा म्हणून मी जन्मभर ओरडले. इथे एकजात सगळ्या आज्या तशा चालत होत्या. मला तर त्या बायका फार आवडल्या. एकीने, ओळख ना पाळख, माझ्या हातावर गरम लापशीचा गोळा ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली, कारण टाकून दिलेलं तिला चाललं नसतं.

देवळाच्या वाटेवर भिकाऱ्यांची रांग होती. लोक स्वतः मिलो खाऊन आलेले, तरी प्रत्येकाच्या ताटलीत काही ना काही टाकत पुढे जात होते. मी कुसुमला म्हटलं, बघ, सरकारपेक्षा हे बरं. देणारा स्वतःच्या हाताने देतो. कुसुम म्हणाली, बरं आहे, पण देताना कोणी तोंडाकडे पाहात नाही. आणि खरंच, मी पुढे लक्ष ठेवून पाहिलं, तर नाणं पडत होतं आणि नजर देवळाच्या कळसाकडे होती. परतताना एसटीत माझी एक चप्पल गर्दीत गेली. उरलेल्या एका चपलेवर मी वाशीमला उतरले आणि टांगेवाल्याने, ‘दुसरी देवीले वाह्यली का बाई?’ असं गंभीरपणे विचारलं.

रिठद

रिठद वाशीमहून रिसोडच्या वाटेवर आहे. काळी जमीन, पण त्या वर्षी तिला अशा भेगा की काठी घातली तर हातभर आत जावी. एसटीतून उतरून चावडीपर्यंत चालत गेलो तेवढ्यातच मला घेरी आली. तलाठ्याला इकडे पटवारी म्हणतात. ते पटवारी धावाधाव करू लागले. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी आली, माझा दंड धरला आणि काही न विचारता मला आपल्या घरात नेऊन बसवलं.

हीच अनसाबाई. उभा बांधा वाकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि दोन्ही हातांची बोटं वाताने अशी वाकडी झालेली की तांब्या ती पंजात न धरता दोन मनगटांत धरायची. घर म्हणजे एक खोली, दारात एक बकरी. पण जमीन अशी सारवलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी साताऱ्याची, आमच्याकडे कृष्णा आहे, पाहुण्याने आधी पाय धुवायचे. मी सरळ उंबऱ्याबाहेर पाय धरून अर्धा तांब्या ओतला. अनसाबाईने चपळाईने एक घमेलं माझ्या पायाखाली सरकवलं आणि ते पाणी बकरीपुढे ठेवलं. बकरीने ते पिऊन माझ्याकडे पाहिलं. माझ्या मते तिचीही हरकत नव्हती.

मग चौकशी सुरू झाली; सरकारची नव्हे, अनसाबाईची. मला लेकरं किती. कपाळ मोकळं काहून, मालक गेले का. कधी गेले. आणि मग, दुखवट्याचं लुगडं कोणी आणलं? मला प्रश्न कळला नाही. तिने समजावून सांगितलं. नवरा गेला की तेराव्याला माहेरहून भाऊ लुगडं आणतो आणि सगळ्यांसमोर बहिणीच्या अंगावर घालतो. ते अंगावर पडलं की गावाला कळतं, या बाईच्या मागे माणूस आहे. आमच्याकडेही दुखवटा असतो, पण आमचं सगळं आता सुटसुटीत झालंय. माझ्या चुलतभावाने मनिऑर्डर पाठवली होती. तसं सांगितल्यावर अनसाबाईने मान हलवली, जणू दूरच्या मुलखात काय काय चालतं याची तिला कल्पना आहे.

तिचं स्वतःचं काय, तर माहेरी कोणी उरलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तेराव्याला सारं गाव जमलं, आणि लुगडं आणणारं कोणी नव्हतं. लोक खाली मान घालून बसले. तेव्हा समोरच्या किराणा दुकानातून फुलचंद उठला. जैनाचा मुलगा, ना जात एक ना देव एक. तेव्हा किराण्यासोबत ते चार लुगडीही ठेवत; त्यातलं एक नवं घेऊन आला आणि तिच्या अंगावर घातलं. “तवापासून भाऊ हाये मले,” ती म्हणाली. दर भाऊबीजेला तो तिच्या दारी येतो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो. हे सांगताना तिचा एक चांगला डोळा असा चमकत होता की मला माझी मनिऑर्डर आठवून जरा वाईटच वाटलं.

बाहेर चावडीत वसंतरावांनी एकेकाला बोलवायला सुरुवात केली होती. चार पंच, पटवारी आणि पिंपळाखाली जमलेलं गाव. नियम साधा होता: काम होत नाही हे दिसलं पाहिजे आणि सांभाळणारं कोणी नाही हे अर्जदाराने पंचांसमोर आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे. अनसाबाईची बोटं पाहून पहिली गोष्ट सगळ्यांनी मान्य केली. मग वसंतरावांनी दुसरं विचारलं, “अनसाबाई, तुमाले सांभाळणारं कोनी हाये का?”

सगळं गाव उत्तर ऐकून घ्यायला मोकळं झालं होतं. पटवाऱ्यांनी ‘नाही’ लिहायला टाक उचललासुद्धा.

“हाये,” अनसाबाई म्हणाली. “भाऊ हाये.”

वसंतरावांनी टाक खाली ठेवायला लावला. पंचांतले एक म्हातारे हळूच म्हणाले, अनसे, अगं नाही म्हण. ती म्हणाली, कसं म्हणू? पंच म्हणाले, तो मानलेला भाऊ आहे, कागदात मानलेलं धरत नाहीत. ती म्हणाली, लुगडं तर खरं होतं.

अशी बाई माझ्या शाळेत असती तर मी तिला आधी पहिलं बक्षीस दिलं असतं आणि मग घरी जाऊन तिच्या मूर्खपणाबद्दल डोकं धरलं असतं. एक शब्द म्हणायचा होता. वसंतराव तो न विचारताही लिहू शकले असते, आणि मला वाटतं ते लिहिणारही होते. पण गर्दीतून किसन नावाचा एक तरणा माणूस पुढे आला. त्याच्या आईचा अर्ज थोड्याच वेळापूर्वी नामंजूर झाला होता, कारण तिला मुलगा होता, म्हणजे हा किसन. तो शांतपणेच बोलला. “सायेब, मी हाओ म्हनून माह्या मायले नाई. मी सोता खडी फोडून राह्यलो. अन् हिचा भाऊ दुकानदार, तिनं तोंडानं सांगतलं, तिले कसं देसान?” त्याचं बरोबर होतं. वसंतरावांनी अनसाबाईचा अर्ज पुढच्या खेपेसाठी बाजूला ठेवला.

जाण्यापूर्वी मी पुन्हा तिच्या घरात शिरले आणि जरा रागावलेच. म्हटलं, बाई, भाऊ सांभाळतो आहे तर मग अर्ज केलातच कशाला? ती बकरीला पाला घालत होती. थांबली आणि म्हणाली, “भावाच्या घरी सनाले जावं बाई. पोटासाठी जाऊ नये. पोटासाठी गेलं की भाऊ राहत नाई, मालक होते.”

पैसे तिला हवे होते ते भाऊ भाऊच राहावा म्हणून. आणि ते मिळवायला भाऊ नाही म्हणायचं होतं. एसटीत वसंतराव डोक्यावरचा रुमाल पिळून पुन्हा बांधत म्हणाले, पुढच्या खेपेलाही ती असंच बोलली तर मला नाव काढावं लागेल. नाव निघालं की पुन्हा चढत नाही.

केनवड

केनवड हे मोठं गाव, तिथे बाजार भरतो. वसंतरावांना तिथे काम होतं आणि मला चप्पल घ्यायची होती. दुष्काळातला बाजार कसा असतो हे मी तिथे पाहिलं. माणसं भरपूर, बोलणं भरपूर, घेणं कमी. लोक कांद्याच्या ढिगाजवळ उकिडवे बसून तासभर गप्पा मारतात आणि चार कांदे घेतात, आणि विकणाराही त्यांना उठवत नाही. वऱ्हाडी माणूस तोंडावर सरळ बोलतो. चप्पलवाल्याने माझा पाय पाहून, “मोठा पाय हाये बाई, बायाच्या मापात नाई येत,” असं बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं आणि पुरुषी वहाणा दिल्या. त्या इतक्या चांगल्या निघाल्या की मी अजून वापरते.

किराण्याच्या पालाखाली वसंतरावांनी मला फुलचंदभाऊ दाखवले. बाजाराच्या दिवशी ते रिठदहून माल घेऊन तिथे बसत. चाळिशीपुढचे, स्थूल, कपाळावर केशराचं बोट, आणि चेहऱ्यावर कायम काही तरी हरवल्यासारखा भाव. अनसाबाईपेक्षा वीसेक वर्षांनी तरी लहान. त्यांनी आम्हाला पोत्यावर बसवलं, एका पोराला पिटाळून भजी मागवली आणि स्वतः एकही खाल्लं नाही, कारण कांद्याची होती.

चावडीत काय झालं ते त्यांना कळलेलं होतं. मी विचारलं, तेव्हा लुगडं नेताना काय मनात होतं? ते लाजले. म्हणाले, मनात काही नव्हतं, लोक वाट पाहात बसले होते ते पाहवलं नाही. घरी आल्यावर वडील मात्र म्हणाले होते की लुगडं एका दिवसाचं नसतं रे, ते जन्मभर द्यावं लागतं. दिलं होतं त्यांनी. पण या वर्षी त्यांचीही पंचाईत होती. अर्ध्या गावाचा किराणा उधारीवर चाललेला, शेतं पडीक, वसुली कुठून होणार. तरी घरातून ते अनसाबाईला ज्वारी पाठवत. आणि ती काय करी, तर आठवड्याने त्यातली अर्धी परत आणून ठेवी. म्हणे, किडे पडून राह्यले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की ही एक वेळ जेवते.

वसंतराव भजी चिवडत बसले. शेवटी म्हणाले, “फुलचंदभाऊ, तिच्या तोंडून ते येनार नाई. दुसरं कोनी बोललं तरच होईन.” दुसरं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. फुलचंदभाऊंनी मापातली डाळ पुन्हा पोत्यात ओतली, पुन्हा मापात घेतली. गिऱ्हाईक समोर उभं होतं ते त्यांना दिसलंच नाही.

मला बाकी त्या दोघांचा राग आला. म्हणजे सरकारने चार रुपये द्यावेत आणि त्यासाठी दोन माणसांनी आपलं सगळ्यात चांगलं कर्म गावासमोर खोडावं? हे मी रस्त्यात बोलूनही दाखवलं. वसंतराव म्हणाले, ताई, नियम करणाऱ्याला असं काही करायचं नव्हतं. नियम करणाऱ्याला अनसाबाई माहीत नव्हती, एवढंच.

पुन्हा रिठद

पुढच्या खेपेला मी मुद्दाम गेले, पुरुषी वहाणा घालून. पाणी पिण्यापुरतंच घेतलं. अनसाबाईने ते पाहिलं आणि तिला ते आवडलं असावं, कारण तिने आंबाडीचं सरबत म्हणून काही तरी आंबट लाल प्यायला दिलं. ते मला फार आवडलं, आणि साताऱ्याला आल्यावर मी करून पाहिलं तर औषधासारखं झालं.

पिंपळाखाली तीच माणसं. किसनही होता. वसंतरावांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी देवाला म्हटलं, हिला एकदा खोटं बोलण्याची बुद्धी दे. अनसाबाईने तोंड उघडलं, पण त्याआधी दुकानाच्या ओट्यावरून आवाज आला.

“मी बोलतो, सायेब.”

फुलचंदभाऊ ओटा उतरून आले. टोपी नीट केली. ते पंचांकडे तोंड करून बोलले, अनसाबाईकडे पाठ होती. “लिवा. मी हिचा कोनी लागत नाई. ना रक्ताचा, ना जातीचा. लुगडं दिलं ते दुकानदारानं गिऱ्हाइकाले दिलं. हिले कोनी नाई.”

इतकं बोलून ते तसेच दुकानात गेले. सगळ्या गावाला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि सगळ्या गावाला माहीत होतं की ते का बोलले. तेरा-चौदा वर्षं ज्याने भाऊ म्हणून मान मिळवला त्याने तो भर चावडीत उतरवून ठेवला. मी आजवर दानशूर माणसं खूप पाहिली, त्यांच्या नावाच्या पाट्याही पाहिल्या. असं देणं पाहिलं नव्हतं.

वसंतरावांनी किसनकडे पाहिलं. किसनने मान खाली घातली आणि म्हणाला, माहं काई म्हननं नाई. पटवाऱ्यांनी लिहून घेतलं. अनसाबाईचा वाकडा अंगठा शाईत बुडवून कागदावर धरताना पंचांनाच तो सरळ करावा लागला. ती उठली, घरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेरून हाक मारली तर आतून म्हणाली, बाई, आज नाई. मला वाटलं, गेलं. पैसे मिळाले आणि ज्यासाठी हवे होते तेच गेलं. पुढचे दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही, मीठसुद्धा शेजारणीकडून आणलं, असं पटवारी सांगत होते.

परत आल्यावर

साताऱ्याला आल्यापासून लोक मला विचारतात, सरकार असे पैसे वाटतं त्याचा गरिबाला खरंच उपयोग होतो का हो? विचारणाऱ्याला बहुधा ‘नाही’ ऐकायचं असतं. माझं मत पुरतं बदललंय असं नाही. धडधाकट माणसाला कामच द्यावं, हे मी अजूनही म्हणते. ते पैसे थोडे होते, उशिरा येत होते, आणि किसनच्या आईला मिळाले नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. पण माणसं म्हणतात, रोख पैसा हातात आला की ही मंडळी नको तिथे उडवतात, तेव्हा मी म्हणते, हो, उडवतात. मी पाहिलंय.

निघायच्या आदल्या दिवशी रिठदला पहिल्यांदा वाटप झालं. मी गेले होते. अनसाबाईने नोटा दोन पंजांत धरल्या, घरात गेली नाही, शेजारणीला घेऊन तडक कापडाच्या दुकानात गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती फुलचंदभाऊंच्या ओट्यापुढे येऊन उभी राहिली. घरात मूठभर ज्वारी असेल नसेल. काखेत एक नवा पांढरा दुपट्टा आणि एक टोपी. शेजारणीच्या हातात नारळ.

आपल्या माणसाला मान द्यायचा तो इकडे दुपट्टा-टोपीने देतात. हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. वाटपाला जमलेली सगळी माणसं वसंतरावांकडे पाहू लागली. वाटपाच्या अंगठ्यांची शाई अजून वाळायची होती. त्यांच्याच कागदांत लिहिलेलं होतं की हा माणूस हिचा कोणी नाही. वसंतरावांनी कागद गुंडाळले, दप्तरात घातले, दप्तराला गाठ मारली आणि मला विचारलं, “ताई, कचेरी सुटली ना?” मी म्हटलं, मघाशीच सुटली. किसन माझ्या शेजारी उभा होता. तो पुढे गेला आणि ओट्यावरची पोती बाजूला करून त्याने अनसाबाईला वर चढायला हात दिला.

“फुलचंद,” ती म्हणाली, “कागद सरकारचा हाये. थ्यावर काय लिवलं थे सरकारनं वाचावं. बस खाली.”

फुलचंदभाऊ बसले. तिला दुपट्टा नीट घालता येईना, बोटं साथ देईनात, तो खांद्यावरून सारखा घसरत होता. कोणी मदतीला गेलं नाही, आणि ते बरोबरच होतं. शेवटी तो बसला. टोपीवर टोपी बसली. फुलचंदभाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं. सवयीने त्यांचा हात मागे गल्ल्याकडे गेला, ओवाळणीसाठी.

अनसाबाईने त्यांचं मनगट आपल्या दोन मनगटांत धरलं.

“आज गल्ल्याले हात नको लाऊ भाऊ,” ती म्हणाली. “इतकी वर्सं तू देल्लं. आज माह्यापाशी हाये.”

फुलचंदभाऊंनी हात मागे घेतला आणि नारळ दोन्ही हातांनी ओंजळीत घेतला.